नळीवरचं साल

जयगडच्या खाडीत आता कोळशाची जहाजं लागतात. धक्क्याकडून चढण चढून सड्यावर आलं की मात्र सगळा कारभार अजून आंब्या-काजूचाच. जांभ्याच्या गडग्यांनी आखलेली कलमं, उतारावर नाचणी-वऱ्याचे तुकडे, खाली पाणथळीत भात. या सगळ्यावर बागायतदाराआधी हक्क सांगणारे दोघे: वानर आणि रानडुक्कर. वानरांचा कळप सकाळभरात एक कलम रिकामं करतो. डुकरं रात्रीची येतात आणि पिकलेला मळा नांगरल्यासारखा उलथून जातात. त्यामुळे या पट्ट्यात बंदूक ही दिवाणखान्यातली शोभेची वस्तू कधीच नव्हती. कोयता, कुदळ, इरलं आणि बंदूक अशी ती यादी.

कायद्यालाही हे मान्य आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा आहे. परवान्याच्या पुस्तकात हे सगळं इंग्रजी आद्याक्षरांत उतरतं. एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणीची, एसबीबीएल म्हणजे एकनळी काडतुसाची, डीबीबीएल म्हणजे दोननळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जनावरावर बार टाकायला वेगळी परवानगी लागते, तरी आवाजाने हुसकावण्यासाठी ती भिंतीला टेकून उभी असते. निवडणूक आली की अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागला की परत येतात.

या फेऱ्यांमध्ये, किंवा वडील गेल्यावर परवाना नावावर करताना, घरात एक प्रश्न हमखास निघतो: ही बंदूक कधीची? उत्तरही हमखास मिळतं. ‘आजोबांच्या वेळची’, ‘शंभरीच्या वरची’, ‘विलायती’. आणि पुरावा म्हणून कोणीतरी नळीवर बोट ठेवतं, कारण तिथे एक साल कोरलेलं असतं.

घोळ इथूनच सुरू होतो. बंदुकीवर सगळ्यांत ठळक दिसणारं साल तिच्या जन्माचं असण्याची शक्यता फार थोडी.

पुढे-मागे सरकणारी मूठ

हा घोळ सगळ्यांत जास्त ज्या जातीत होतो ती म्हणजे पंप ॲक्शन, जुन्या माणसांच्या तोंडी ‘रिपीटर’. कोकणात ती विरळाच. इथे चलन एकनळी-दोननळीचं. पण परवान्यावर नुसतं ‘एसबीबीएल, १२ बोअर’ लिहिलेलं असेल तर त्या अक्षरांआड साधी मोडणारी एकनळीही असू शकते आणि पंपही, कारण दोघींना नळी एकच.

ओळख सोपी आहे. नळीच्या खाली तिला समांतर दुसरी बारीक नळी असते. ते काडतुसांचं कोठार. तिच्यावर लाकडी मूठ बसवलेली. मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं चेंबरमध्ये जातं. दोननळीला दोन बार झाले की बंदूक मोडून पुन्हा भरावी लागते. पंपात मात्र कोठार संपेपर्यंत हात थांबत नाही.

अमेरिकेत क्रिस्टोफर स्पेन्सरने १८८२ मध्ये अशा बंदुकीचं पेटंट घेतलं. ती रचना खऱ्या अर्थाने चालती केली जॉन मोझेस ब्राउनिंगने. त्याच्या आराखड्यावर विंचेस्टर कंपनीने १८९३ चं मॉडेल काढलं. पण तो काळ काळ्या दारूकडून धूररहित दारूकडे वळण्याचा होता. नव्या दारूचा दाब जास्त, त्यामुळे नळीमागचं अंग भक्कम करणं भाग पडलं, आणि सुधारलेलं मॉडेल १८९७ मध्ये आलं. पाठीमागे उघडा घोडा ही त्याची खूण. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक हीच बंदूक नळी आखूड करून खंदकांत घेऊन गेले, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला.

१९१२ मध्ये विंचेस्टरनेच घोडा आत लपवलेलं मॉडेल आणलं. रेमिंग्टनचं मॉडेल १० त्याआधी १९०८ मध्ये आलं होतं, ३१ नंबरचं १९३१ मध्ये आलं. इथाकाची ३७ १९३७ मध्ये आली, ती रिकामी काडतुसं बाजूऐवजी खालून टाकते. १९५० मध्ये रेमिंग्टनची ८७० बाजारात आली आणि तिचा खप कोटीपार गेला. त्यामुळे पंप हातात आली की आधी तीन गोष्टी पाहायच्या: घोडा बाहेर आहे की आत, रिकामं काडतूस बाजूने पडतं की खालून, आणि नळी वळवून अंगापासून वेगळी होते की नाही. एवढ्यावर मॉडेल बहुधा ठरतं. साल ठरवण्याचं काम त्यानंतरचं.

तीन फसवी सालं

पहिलं फसवं साल मॉडेलचं. ‘मॉडेल १८९७’ असं लिहिलेली बंदूक १८९७ मध्ये बनली असं समजणं साहजिक आहे. पण हे मॉडेल १९५७ पर्यंत, म्हणजे ६० वर्षं बनत राहिलं आणि दहा लाखांहून अधिक बंदुका बाहेर पडल्या. म्हणजे घरातली ‘सत्त्याण्णव सालच्या प्लेगाच्या वेळची’ बंदूक प्रत्यक्षात स्वातंत्र्यानंतरचीही असू शकते. १९१२ च्या मॉडेलने तर आपलं नावच बदललं: आधी ‘मॉडेल १९१२’, आणि पहिल्या महायुद्धानंतर, साधारण १९१९ पासून, नुसतं ‘मॉडेल १२’. हे मात्र उपयोगाचं. नळीवर चार आकडे असतील तर बंदूक पहिल्या सात-आठ वर्षांतली, दोनच असतील तर त्यानंतरची, १९६४ पर्यंतची.

दुसरं फसवं साल पेटंटचं. नळीवर बारीक अक्षरांत ओळीने तारखा असतात. वाचणारा पहिली तारीख उचलतो. खरं तर उपयोग शेवटच्या तारखेचा, तोही एका बाजूने. बंदूक त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, एवढंच ती सांगते. नंतरची किती, याबद्दल ती गप्प. पेटंट संपल्यावरही त्याच ठशाने वर्षानुवर्षं नळ्या कोरल्या गेल्या आहेत.

तिसरं फसवं साल दुकानाचं किंवा कारखान्याचं. कंपनी अमुक साली स्थापन झाली, हे अभिमानाने कोरलेलं असतं. ते साल कंपनीचं, बंदुकीचं नव्हे.

म्हणून जाणकार एका सालाच्या मागे लागत नाहीत. ते दोन कुंपणं घालतात: ‘याच्या आधीची नाही’ आणि ‘याच्या नंतरची नाही’. मग एकेक खूण घेऊन कुंपणं जवळ आणतात. विंचेस्टरवर अंडाकृती चौकटीत डब्ल्यू आणि पी ही अक्षरं गुंफलेली दिसली, तर तो कंपनीचा चाचणी-ठसा १९०५ नंतरचा. त्यासोबत नळीवर चारआकडी ‘१९१२’ असेल तर पहिलं कुंपण १९१२ वर सरकतं आणि दुसरं १९१९ च्या आसपास पडतं. दोन खुणांत सगळा प्रश्न सात वर्षांवर आला.

अक्षरांत लपलेला महिना

त्याहून जवळ जायचं तर अनुक्रमांक. विंचेस्टरचे क्रमांक वर्षवार लावून ठेवलेले आहेत. १८९७ च्या मॉडेलचे क्रमांक १८९३ च्या मॉडेलपुढेच चालू राहिले, आणि क्रमांकाआधीचं इंग्रजी अक्षर रचनेतली सुधारणा दाखवतं. ‘ई’ हे त्यातलं सगळ्यांत जास्त आढळणारं.

रेमिंग्टनने तर महिनाही लिहून ठेवला. १९२० च्या दशकाच्या आरंभापासून तिच्या नळीवर, अंगाच्या जवळ, दोन-तीन बारीक अक्षरं उमटवलेली असतात. पहिलं अक्षर महिन्याचं. ‘ब्लॅक पावडर’ या इंग्रजी शब्दांची स्पेलिंगमधली ११ अक्षरं क्रमाने जानेवारी ते नोव्हेंबर, आणि डिसेंबरसाठी ‘एक्स’. बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, ए म्हणजे मार्च. पुढचं अक्षर वर्षाचं. पण इथेही सावध राहायचं. ८७० ची नळी घरच्या घरी बदलता येते, त्यामुळे हे अक्षर नळीचा जन्म सांगतं. अंग त्याहून जुनं किंवा नवं असू शकतं.

आणि क्रमांकच नसेल तर? अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला. त्याआधीच्या स्वस्तातल्या शॉटगनवर तो नसणं सर्रास होतं. शिवाय मोठी दुकानं दुसऱ्याच्या कारखान्यातून बंदुका बनवून घेऊन स्वतःचं नाव लावत. सिअर्सच्या ‘जे. सी. हिगिन्स’ नावाच्या पंपामागे हाय स्टँडर्डसारखा कारखाना असे. नाव दुकानाचं, हाड दुसऱ्याचं. अशी बंदूक ओळखायची ती स्क्रूच्या जागांवरून, अंगाच्या घडणीवरून, मुठीच्या आकारावरून.

विलायती की बेल्जियमची

जयगडकडच्या एका घरी ओटीवर गोणपाट अंथरून एक दोननळी ठेवली होती. पंपाइतकी दुर्मीळ नाही, पण या पट्ट्यातली खरी प्रातिनिधिक. काडतूस नाही याची खात्री आधी दोनदा करून घेतली. ‘आमच्या आजोबांनी मुंबईहून आगबोटीने आणलेली. अस्सल इंग्लंडची,’ घरधनी म्हणाले. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजी नाव ठसठशीत होतं आणि त्यावर घरातल्या कोणी कधी शंका घेतली नव्हती.

दोननळीत खरं बोलणारी जागा झाकलेली असते. बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या सपाट बुडाशी ठसे दिसतात. टॉर्च तिरकी धरल्यावर तिथे अंडाकृतीत ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि वर मुकुट उमटला. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा ठसा. डोक्यावरचा मुकुट १८९३ मध्ये आला, म्हणजे बंदूक त्यानंतरची. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला, हीसुद्धा युरोपच्या मुख्य भूमीची रीत. लिएजने १९२२ पासून वर्षासाठी एक अक्षर उमटवायला सुरुवात केली. ते इथे नव्हतं. दोन्ही कुंपणं पडली: १८९३ ते १९२२. पट्टीवरचं इंग्रजी नाव विकणाऱ्याचं होतं.

‘मग आजोबा फसले म्हणायचे?’ त्यांनी विचारलं. तसं नाही. लिएज हे बंदुकांचं जुनं, नावाजलेलं गाव. तिथला माल जगभर दुसऱ्यांच्या नावाने विकला जाई.

खरी इंग्रजी बंदूकही स्वतःची साक्ष देते. तिथे चाचणीगृहं दोन. लंडनच्या बंदूककार मंडळाची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलेलं. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी टिकली तर ठसा मारायचा, हा त्यांचा उद्योग. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशांत एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड असतात. १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि धूररहित दारूसाठी एनपी अशी अक्षरं येतात. १९५४ च्या नियमांनंतर नळीचा व्यास दशांश इंचात, १२ बोअरला ०.७२९ असा, लिहिला जाऊ लागला. ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द दिसले तर नळी टोकाला अरुंद केलेली आणि साधारण १८७५ ते १८८७ मधली.

या सगळ्यात एक ठसा कोकणातल्या पंपासाठी फार बोलका. परदेशी बनावटीची बंदूक इंग्लंडमधून विकायची तर तिचीही चाचणी व्हायची, आणि १९२५ ते १९५५ या काळात तिच्यावर ‘नॉट इंग्लिश मेक’ असं उमटवत. अमेरिकी पंपावर ही अक्षरं असतील, तर ती कधी आणि कोणत्या वाटेने आपल्याकडे आली, हे दोन्ही एकदम कळतं. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारखं विलायती मालाचं दुकान १८९१ पासून होतं, आणि मुंबईहून जयगडला माणूस-माल आणणारी आगबोट होती. १९८० च्या दशकात शस्त्रांच्या आयातीवर बंदी आली आणि ही वाट बंद झाली. म्हणून घरातली परदेशी बंदूक बहुधा त्याआधीचीच.

ठासणीच्या बंदुकीची गंमत वेगळी. चापाजवळच्या पत्र्यावर मुकुट आणि ‘टॉवर’ असा शब्द असला की लोक तिला ‘टावर कंपनीची’ म्हणतात. हा टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला, जिथे इंग्रज सरकारचं शस्त्रखातं होतं. मागच्या पायावर उभा सिंह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची, आणि १८०८ नंतरची. त्याआधी कंपनीचा ठसा बदामाच्या आकाराचा होता. जयगडचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, त्या दशकातल्या कंपनी शिपायाच्या खांद्यावर हा सिंह असे. पण नक्कल याही ठशाची झाली आहे, म्हणून एकट्या सिंहावर विसंबायचं नाही.

क्रमांकाची साक्ष

एका क्रमांकाने काय होऊ शकतं हे आपल्या इतिहासाने पाहिलं आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या पळवल्या. पण कंपनीने प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंद ठेवली होती. पुढे बंगालभर जिथे जिथे माउझर सापडलं, तिथे पोलिसांनी क्रमांक ताडून पाहिला आणि ते त्याच पन्नासातलं आहे की नाही हे ठरवलं.

आपल्या जवळचा धागा नाशिकचा. १९०९ च्या आरंभी लंडनहून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरतळातून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. ब्राउनिंग या नावामागचा माणूस तोच, ज्याने १८९३ आणि १८९७ च्या पंपाचा आराखडा केला. पिस्तुलांचा माग काढत तपास लंडनपर्यंत गेला आणि १९१० मध्ये सावरकरांना अटक झाली. लोखंडावरचा ठसा माणसाआधी बोलतो, हे तेव्हाच्या पोलिसांना पक्कं ठाऊक होतं.

साल कशाला हवं?

कोणी म्हणेल, १९१० ची असो नाही तर १९५० ची, वानराला काय फरक पडतो? वानराला नाही पडत. चाप ओढणाऱ्याला पडतो.

१२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक बरोबर बसेल एवढी नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. बोअर सारखा असला तरी चेंबरची लांबी सारखी नसते. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. नंतरचं पावणेतीन इंचांचं, म्हणजे ७० चं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं दोन्ही मापांत निघाली आहेत. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये निमूट शिरतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार होताना ते उलगडतं, जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. त्यातून नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, नागमोडी नक्षीची असेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली. नक्षीला भुलून तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे तोंडाजवळ फटाका धरणं. नळीवर धूररहित दारूचा ठसा नसेल तर बंदूक आधी अधिकृत कारागिराकडे, मग बागेत.

दुसरं कारण कायद्याचं. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, ही समजूत गावोगाव आहे आणि ती चुकीची आहे. शस्त्र अधिनियमाचं ४५ वं कलम जुन्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं ते ‘दुरुस्त करूनही चालणार नाही’ अशा अवस्थेत असेल तरच. वयाने सूट मिळत नाही. ८ वं कलम बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसण्या-बदलण्याला मनाई करतं. दिवाळीच्या साफसफाईत कोणी हौसेने पॉलिश पेपर घेऊन बसलं, तर गंजाबरोबर क्रमांकही जातो, आणि मग खुलासा करण्याची वेळ मालकावर येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्याही त्या दोनांतच. वडिलांच्या तीन बंदुकांतली कोणती सोडायची हे ठरवताना ‘आजोबांची म्हणून ठेवू’ एवढं पुरत नाही. जिची नळी आजचं काडतूस सोसत नाही ती भावनेपोटी ठेवून, चालणारी सोडणारी घरं आहेत.

आधी लोखंड, मग कागद, मग आठवण

बंदुकीचं वय काढण्याचा क्रम हा एवढाच. लोखंड खोटं क्वचित बोलतं, पण तुटक बोलतं. कागद, म्हणजे जुना परवाना, दुकानाची पावती, नूतनीकरणाचे शिक्के, बंदूक घरात कधी आली हे सांगतो, ती कधी बनली हे सांगत नाही. आठवण सगळ्यांत सविस्तर, आणि पिढीगणिक वाढत जाणारी. घराघरांत क्रम उलटा लावला जातो. आधी आठवण, तिच्या आधाराला कागद, आणि लोखंडाकडे कोणी बघतच नाही.

ज्यांच्याकडे परवान्याची जुनी बंदूक आहे त्यांनी यंदा एक काम करावं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळ्या उतरवून, चांगल्या उजेडात प्रत्येक ठशाचा फोटो काढावा. घासू नये, खरवडू नये. तेलाचा हलका बोळा पुरे. क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकात १ चा ७ आणि ३ चा ८ झालेला असतो, आणि ती चूक मालक हयात असताना दुरुस्त होणं सोपं. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून आठवणही लिहून काढावी: कोणी आणली, कुठून, किती रुपयांना. ती कागदाच्या उजव्या बाजूला आणि ठसे डाव्या बाजूला. दोन्ही बाजू जुळल्या तर उत्तम. न जुळल्या तर काडतूस डाव्या बाजूकडे पाहून निवडायचं.